थांबायला शिकवलेला डबा

जुना आहे, हे मी स्वतःहून सांगतो. गंजलोही आहे. माझ्या एका अंगावर काजळीचा डाग आहे आणि तो कितीही घासला तरी जाणार नाही. पण मित्रांनो, मला कोणी पनवती म्हटले तर ते मी ऐकून घेणार नाही. बसऱ्याच्या अश्शार बाजारातला एक माणूस मला तसे म्हणाला. ज्या दिवशी म्हणाला, त्याच दिवशी तो एका म्हातारीशी खोटे बोलला. या दोन्ही गोष्टींचा राग माझ्या पोटात अजून धुमसतो आहे. तेव्हा माझी गोष्ट ऐकायची असेल तर ती रागासकट ऐकावी लागेल.

मी एक वीजपुरवठा आहे. भिंतीतून येणारी वीज घ्यायची, तिचा जोर उतरवायचा, तिला एका दिशेने वाहायला लावायचे आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच द्यायची, हे माझे काम. माझे भाऊबंद कारखान्यात बनतात. मी मात्र घरातल्या जेवणाच्या मेजावर बनलो. माझे बाहेरचे अंग म्हणजे दिब्सचा, म्हणजे खजुराच्या पाकाचा, मोठा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यावरचे झाडाचे चित्र अजून ओळखू येते. मला बनवणाऱ्या बाईंचे नाव विदाद. त्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या आणि सगळी गल्ली त्यांना सित्त विदाद, म्हणजे विदादबाई, म्हणायची.

त्यांचा धाकटा भाऊ गझवान. अश्शारमध्ये त्याचे छोटेसे दुकान होते. एके काळी तो कॅसेटी विकायचा. कॅसेटींचा जमाना गेला तेव्हा त्याने जुन्या कॅसेटींवरचे आवाज संगणकात उतरवून द्यायचा धंदा सुरू केला. कोणी लग्नातली गाणी आणायचे, कोणी परदेशी गेलेल्या भावाने बोलून पाठवलेली खुशाली. धंदा बरा चालला होता, पण उन्हाळा त्याला चालू देईना. बसऱ्यात दुपारी दुकानातली हवाच भट्टीसारखी होते आणि संगणकातला पंखा तीच हवा आत ढकलत राहतो. भोवतालच्या हवेपेक्षा थंड काही करणे पंख्याच्या हातात नसते. अर्धे गाणे उतरले की संगणकाचा मेंदू तापायचा आणि संगणक स्वतःला बंद करून घ्यायचा.

“मी त्याच्यावर ओला टॉवेलसुद्धा टाकून पाहिला,” गझवान एकदा जेवताना म्हणाला.

“संगणकावर?”

“अगदी वर नाही गं. जवळपास.”

“तुला पदार्थविज्ञान मी शिकवलं, हे बाहेर कुणाला सांगू नकोस,” विदाद म्हणाल्या आणि त्यांनी ताट बाजूला सारले.

त्यांनी पेल्टियरच्या दोन तबकड्या मागवल्या. ही तबकडी असते बिस्किटाएवढी. तिच्यातून एकाच दिशेने वाहणारी वीज सोडली की तिचे एक तोंड गार पडते आणि दुसरे तापते. गार तोंड संगणकाच्या मेंदूला चिकटवायचे, तापलेल्या तोंडाची उष्णता पंख्याने बाहेर हाकलायची. पंख्याला जे एकट्याला जमत नाही ते तिला जमते. पण तिची भूक दांडगी. संगणकातल्या नाजूक पुरवठ्याला ती झेपली नसती. तिला स्वतंत्र, दणकट पुरवठा हवा होता. म्हणून माझा जन्म.

बसऱ्यात प्रत्येक फ्रिजपाशी एक स्टॅबिलायझर असतो. तसा एक मेलेला स्टॅबिलायझर विदादनी माळ्यावरून काढला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरवरची बारीक तार उलगडली आणि तिच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली. प्रत्येक वेढा अंगठ्याने दाबून बसवला. एखादा वेढा शेजारच्यावर चढला की त्या मागे उलगडत जायच्या आणि पुन्हा सुरुवात करायच्या. त्यांचे अंगठे लाल झाले होते. मग चार डायोड बसले. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे दरवाजे. त्यांच्यापुढे दोन फुगीर कॅपॅसिटर, विजेतल्या लाटा गिळून तिला सपाट करणारे. दाराशीच काचेचा फ्यूज, वीज बेफाम आली तर स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा. शेवटी त्यांनी माझ्या पत्र्याला खिळ्याने भोके पाडली, म्हणजे मला श्वास घेता यावा. घरभर राळेचा आणि तापल्या कथलाचा वास भरला होता.

त्या मेलेल्या स्टॅबिलायझरमध्ये एक भाग अजून जिवंत होता. त्याचे काम होते थांबणे. मित्रांनो, माझी सगळी कहाणी त्या भागाची आहे, म्हणून हे नीट ऐका.

बसऱ्यात सरकारी वीज दिवसातून अनेकदा जाते. गेली की गल्लीतला जनरेटर घरघरू लागतो आणि त्याच्या तारेवर दोन दिवे, एखादा पंखा, फार तर एक संगणक चालतो. मग केव्हातरी कोणीतरी ओरडते, “सरकारी आली!” त्यासरशी प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात माणूस चेंजओव्हर स्विचकडे, म्हणजे जनरेटरवरून सरकारी विजेवर नेणाऱ्या खटक्याकडे, धावतो. खटका खाली पडतो आणि एसी, फ्रिज, पाण्याचा पंप, इस्त्री, सगळे एकदम सुरू होते. वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून कोणी क्षणभरही दवडत नाही. त्या गर्दीत विजेचा दाब कधी मान टाकतो, कधी उसळतो. तिला भानावर यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ स्टॅबिलायझर दार लावून बसतो आणि फ्रिज वाचतो.

विदादनी तो थांबणारा भाग माझ्यात बसवला. मी थांबलो असलो की लाल दिवा, तयार झालो की हिरवा. संगणकाची वीजही त्यांनी माझ्याच दारातून नेली. मी हिरवा झाल्याशिवाय संगणक सुरू होणार नाही. कारण तबकडीला वीज नसेल आणि संगणक मात्र चालू असेल, तर हीच गार तबकडी त्याच्या डोक्यावर गोधडी होऊन बसते.

“हा थांबेल,” त्यांनी भावाला बजावले. “हा थांबला की तूही थांब. चहा पी. लाल दिवा म्हणजे बिघाड नव्हे.”

“तुझा शब्द माझ्या डोळ्यांवर,” गझवान म्हणाला.

डोळ्यांवर घेतलेल्या त्या शब्दाचे पुढे काय झाले, ते सांगतोच.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते, हे नाकारत नाही. दुकानात माझी जागा संगणकाशेजारी फळीवर होती. भर दुपारी संगणक अखंड चालू लागला. गाणी पुरी उतरू लागली. शेजारचा चहावाला शिनान मला पाहायला आला आणि त्याने संगणकातल्या तबकडीच्या गार कडेला बोट लावले.

“अरे, दिब्सच्या डब्यातून हिवाळा! गझवान, माझ्या सरबताच्या बाटल्या इथे ठेवू का?”

“हात लावू नकोस. नाजूक काम आहे. आमच्या घरात बनलाय.”

पुढच्या आठवड्यात गझवान गिऱ्हाइकांना सांगू लागला, “मी आणि बहिणीनं मिळून बनवलाय.” रमजान संपेपर्यंत बहीण वाक्यातून गळाली होती. मी फळीवर बसून ऐकत होतो. माझ्या रागाची पहिली ठिणगी तिथली.

मग लोकांना माझी सवय झाली आणि माझ्या थांबण्याचा कंटाळा येऊ लागला. “सरकारी आली!” अशी आरोळी उठायची, सगळा बाजार उजळायचा आणि गझवानच्या दुकानात माझा लाल दिवा तेवढा लुकलुकत असायचा. गिऱ्हाइके हसायची.

“तुझा डबा कुवेतला जाऊन येतो का रे प्रत्येक वेळी?”

“म्हातारा झालाय बिचारा. आधी खोकणार, मग उठणार.”

गझवानचा चेहरा उतरायचा. एके दिवशी त्याने माझे झाकण उघडले आणि थांबणाऱ्या भागाच्या दोन पायांमध्ये तारेचा तुकडा जोडला. पकडीने टोकाला पीळ दिला, वर एक गोल वेटोळे केले. तशी त्याची पद्धतच होती. त्या दिवसापासून माझा लाल दिवा लागला नाही. वीज आली रे आली की मी तशीच उसळती पुढे पाठवायची, असे झाले. दोनदा फ्यूजने स्वतःला जाळून घेऊन मला वाचवले. त्याचे बक्षीस काय? शिनानने दारातूनच सल्ला दिला.

“काचेचं खेळणं कशाला विकत आणतोस दर वेळी? तांब्याच्या तारा घाल दोन. आमच्याकडे सगळीकडे त्याच आहेत. जन्मात जळणार नाहीत.”

“खरंच की,” गझवान म्हणाला.

बसऱ्यात हे घरोघर चालते. जळणे हेच ज्याचे काम, त्याच्या जागी न जळणारे काहीतरी घालायचे आणि वर आपल्या चतुराईवर खूष व्हायचे. गझवानने तारा घातल्या. मग माझ्या झाकणावर चहाचे तबक येऊन बसले. खिळ्याची अर्धी भोके त्याखाली गेली, उरलेल्यांत धूळ भरली. पंखा कुरकुरू लागला तर त्याने मला एक चापट मारली. पंखा गप्प झाला, म्हणजे जवळजवळ थांबलाच. विदाद शाळेत असायच्या. दुकानात त्या क्वचित येत, आणि आल्या की त्याआधी तबक उचललेले असे.

अशा दिवसांत उम्म रेसान, म्हणजे रेसानची आई, दुकानात आल्या.

काळा अबाया, हातात काठी, आणि रुमालात बांधलेली एक कॅसेट. सुदैवाने त्या दिवशी विदादही तिथे होत्या. उम्म रेसानचे यजमान, अबू रेसान, खशाबा वाजवायचे. खशाबा म्हणजे बसऱ्याची लाकडी ढोलकी आणि तिच्या तालावर रंगणारी गाण्याची बैठक. ते जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. त्यांच्या आवाजाची जगात ही कॅसेट एवढीच खूण उरली होती.

“पुतण्याच्या लग्नातली आहे,” उम्म रेसान म्हणाल्या. “आधी नुसती थट्टामस्करी आहे. मग तो खोकतो. मग गाणं. सगळ्या मांडवासमोर त्यानं ते माझ्यासाठी म्हटलं. मी लाजून आत पळाले होते. नंतर घरी एकदाच ऐकली, पुढं कॅसेट बिघडेल म्हणून मी ती लावलीच नाही. त्याची चाल डोक्यात आहे, शब्द मात्र निसटत चाललेत. तेवढं मला पुन्हा ऐकवा.”

विदादनी कॅसेट उजेडात धरली. फितीवरचा तपकिरी थर पापुद्र्यासारखा सुटत होता.

“हज्जिया, ही एकदाच वाजेल,” त्या म्हणाल्या. म्हाताऱ्या बायकांना आमच्याकडे आदराने हज्जिया म्हणतात. “यंत्रातून जाताना तिचा थर निघून येईल. त्या एका खेपेत जे उतरेल ते उतरेल. आता शर्जी वाहतेय, दमट वारा आहे, फीत चिकटेल. वारा फिरू दे. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की मी स्वतः येईन आणि आपण उतरवू.”

“इतकी वर्षं थांबले. अजून थोडं थांबेन. वारा फिरला का, ते मात्र रोज संध्याकाळी विचारायला येईन.”

मित्रांनो, त्या दुकानात थांबण्याचा अर्थ समजणारे ते पहिले गिऱ्हाईक होते.

आणि गझवान? विदाद गेल्यावर तो शिनानला म्हणाला, “दुकान माझं आहे की तिचं? वारा फिरू दे म्हणे. जहाज हाकायचंय का आपल्याला?”

दुसऱ्याच दिवशी दुपारी, शर्जीने भिंतींना घाम फुटलेला असताना, बाजारात आरोळी उठली, “सरकारी आली!” गझवानने खटका पाडला. पंखा, दिवे, मी, संगणक, सगळे एकदम. त्याने कॅसेट यंत्रात घातली. त्या यंत्राला स्वतःचा कर्णा नव्हता. आवाज संगणकात जायचा आणि तिथूनच ऐकू यायचा. गझवान शिनानला म्हणाला, “हज्जिया संध्याकाळी चौकशीला येईल तेव्हा तिच्या हातात तयारच ठेवतो. बहिणीलाही कळू दे.”

फीत फिरू लागली. मांडवातला गलका आला. ढोलकीवर कोणी बोटे आजमावत होते. एक भारी, हसरा आवाज म्हणाला, “माझा चहा कुणी प्यायला रे? मी आता तसाच गाणार, कोरड्या घशानं!” लोक हसले. मग खोकला.

त्याच क्षणी विजेचा दाब उसळला.

मी थांबलो असतो. मला थांबायलाच बनवले होते. पण माझ्या थांबण्यावर तार होती. फ्यूज जळला असता. पण फ्यूजच्या जागीही तार होती. सगळी उसळी माझ्यात घुसली. आधीच तापलेला एक डायोड फुटला, आणि जी वीज एका दिशेने जायला हवी ती मागेपुढे धावू लागली. तबकड्यांना सरळ वीज मिळेना. गार तोंड तापले. माझ्या तारांवरचा लेप जळू लागला आणि भोकांतून काळा धूर निघाला. चहाचे तबक गडगडले. संगणकाच्या डोक्यावर गोधडी पडली आणि तो तिथल्या तिथे बंद झाला.

गझवान बोंब मारत माझा प्लग शोधू लागला. शिनान पाण्याची बादली घेऊन धावला. “पाणी नको, गाढवा, पाणी नको!” असे गझवान त्याच्यावर ओरडत होता. आणि या सगळ्यात कॅसेटच्या यंत्राकडे कोणी पाहिलेच नाही. त्याची तार वेगळ्या प्लगात होती. ते चालूच होते. बंद संगणकात अबू रेसानचे गाणे जात होते. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, सगळे गाणे गेले. फितीवरचा थर सुटून यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी होऊन पडत होता. जगातला त्या माणसाचा शेवटचा आवाज शेवटचा वाजला, आणि तो ऐकला कोणीच नाही. मीसुद्धा नाही. मी जळत होतो.

यानंतर जे झाले त्याचा मला जळण्यापेक्षा जास्त राग आहे.

संध्याकाळी उम्म रेसान आल्या. मी मेजाखाली फेकलेला होतो. संगणक निवला होता आणि थेट भिंतीतल्या विजेवर चालत होता. गझवानने त्यांना जेवढे उतरले होते तेवढे ऐकवले. गलका, चहाची थट्टा, खोकला. मग शांतता.

“पुढं?” म्हातारी म्हणाली.

“पुढे कोरी आहे, हज्जिया.”

“कोरी कशी? पुढं गाणं आहे.”

“नाही. मी शेवटपर्यंत पाहिली. कुणी भरलंच नसेल. बंद केलं असेल यंत्र.”

“मी ऐकलंय ते, पोरा. त्या वेळी घरी आणून एकदा ऐकलंय.”

“खूप वर्षं झाली ना. माणसाचा गोंधळ होतो. दुसऱ्या कुठल्या लग्नातलं असेल.” तो फार मऊ आवाजात बोलत होता. त्याने त्यांना लिंबाचा चहासुद्धा मागवला.

म्हातारी बराच वेळ रुमालाची गाठ सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, “असेल. गोंधळ असेल माझा.” काठी टेकत ती गेली. चहा तसाच राहिला.

ती गेल्यावर गझवानने मला लाथ मारली. “पनवती डबा,” तो म्हणाला. त्याने मला दुकानाच्या छपरावर नेऊन टाकले.

मित्रांनो, उन्हाळ्यातले ते छप्पर कसे असते ते सांगत बसत नाही. कबुतरे माझ्यावर बसायची आणि त्यांचेही पाय भाजायचे. माझ्या पोटात मात्र एकच गोष्ट होती. कॅसेट खराब झाली, हे एक नुकसान. पण एका बाईच्या डोक्यात तिच्या नवऱ्याचे गाणे होते, आणि एका माणसाने स्वतःची लाज वाचवायला ते तिथूनही खरवडून काढले. मला तोंड असते तर मी छपरावरून ओरडलो असतो.

मग एका सकाळी वारा फिरला. उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि शब्द दिल्याप्रमाणे विदाद दुकानात आल्या. खालचे बोलणे मला झरोक्यातून स्पष्ट ऐकू येत होते.

“चल, हज्जियाची कॅसेट करू.”

“ती झाली. मीच केली. सुरुवातीला थोडं होतं, पुढे कोरी निघाली. आणि हो, तुझा डबा जळाला. मध्येच पेटला. मरता मरता वाचलो.”

“कुठे आहे डबा?”

“भंगारात देणार होतो. कशाला बघतेस आता?”

जिना वाजला. विदादनी मला छपरावरच मांडी घालून मांडीवर घेतले आणि झाकणाचे स्क्रू काढले. आत पाहिले. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारा, जशाच्या तशा. थांबणाऱ्या भागावर तारेचा तुकडा, टोकाला पीळ, वर गोल वेटोळे. गझवान मागे उभा होता.

“हे वेटोळं तू लहानपणी पतंगाच्या दोऱ्यालाही असंच करायचास,” त्या म्हणाल्या.

“सगळेच करतात गं. अख्ख्या बाजारात बघ. कुणाच्या फ्यूजमध्ये तार नाही?”

“डबा पेटला तेव्हा कॅसेट चालू होती?”

“होती.”

“संगणक?”

“बंद पडला.”

“मग पुढे कोरी आहे, हे तू कशावर ऐकलंस?”

गझवान पायाने कबुतरांची पिसे बाजूला सारू लागला.

“गझवान, मी तुला विचारतेय. त्या यंत्राला कर्णा नाही. संगणक बंद होता. कशावर ऐकलंस?”

“ती म्हातारी बाई आहे,” तो शेवटी म्हणाला. “विसरलीही असेल आतापर्यंत. आता जाऊन सांगून कॅसेट परत येणार आहे का? माझी इज्जत मात्र जाईल. बाजारात मी...”

“डबा उचल.”

“विदाद...”

“उचल म्हटलं ना. आणि पुढे चाल. वाटेत कुणी विचारलं तर सांग, भंगार नेतोय म्हणून. कुठलं भंगार ते मी सांगेन.”

असा मी, उघडा पडलेला, त्याच्याच हातांत उम्म रेसानच्या घरी गेलो. दार सुनेने उघडले. आम्ही कशासाठी आलो ते कळताच ती हळू आवाजात म्हणाली, “तो विषय नका काढू. रोज तेच चाललंय. गाणं होतं, नव्हतं, होतं, नव्हतं. काल स्वयंपाकघरात भिंतीशी बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेणार आहोत.”

“मग आजच विषय काढायला हवा,” विदाद म्हणाल्या.

गझवानने मला सतरंजीवर ठेवले आणि सगळे सांगितले. आधी अडखळत, मग एका दमात. तारा, वारा, धूर, बंद संगणक. म्हातारीने पूर्ण ऐकून घेतले.

“म्हणजे गाणं होतं,” ती म्हणाली.

“होतं, हज्जिया.”

“ऐकलंस गं?” ती सुनेकडे वळली. सून खाली पाहू लागली. मग म्हातारीने काठी जमिनीवर अशी आपटली की माझा पत्रा थरथरला. “कॅसेट गेली असं सांगितलं असतंस, तर मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि तुला चार शिव्या घातल्या असत्या. कॅसेट काय, फीत आहे, जातेच. पण तू मला सांगितलंस की तो गायलाच नाही! मी रोज रात्री पडून विचार करतेय, गाणं नव्हतं तर मग लाजून आत पळाले ती कोण? ते लग्न तरी खरं होतं का? तू माझं काय काय नेलंस, तुला ठाऊक आहे?”

“मी घाबरलो, हज्जिया.”

“मला घाबरलास? या काठीला?”

त्याने माफी मागितली. तिने दिली नाही. “माफी मागून घ्यायची घाई तुला,” ती म्हणाली. “तीही लगेच हवी. थांब जरा.”

मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला जवळ ओढले, पत्र्यावर बोटे टेकवली आणि वाजवले. आधी हलके, मग जोरात. ताल चुकला, पुन्हा धरला. “इथं,” ती म्हणाली, “खोकल्यानंतर तो असं वाजवायचा, आणि मग...” तिचा आवाज चिरका होता. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीपाशी ती थांबली. चौथीचे शब्द होते, पण तिसरी नव्हती. ती पुन्हा पुन्हा तिथे जाऊन अडकली.

“ही तिसरीच मला ऐकायची होती,” ती म्हणाली.

विदादनी मला घरी नेले, त्याच मेजावर ठेवले आणि दुरुस्त केले. तार काढली. काचेचा फ्यूज आला. जळकी तार उलगडून नवी गुंडाळली. या वेळी गुंडाळायला गझवानला बसवले होते. एक वेढा दुसऱ्यावर चढला की त्या काही न बोलता मागे बोट दाखवायच्या आणि तो पुन्हा उलगडायचा. काजळीचा डाग त्यांनी मुद्दाम पुसला नाही.

मग एके दुपारी उम्म रेसान स्वतः ध्वनिग्राहकासमोर बसल्या, मांडीवर दिब्सचा एक रिकामा डबा घेऊन. माझा भाऊच म्हणा. बाजारात आरोळी उठली, “सरकारी आली!” सगळीकडे खटके पडले, पंप घरघरले, शिनानचा फ्रिज थरथरला. आमच्या दुकानात माझा लाल दिवा लागला. गझवानचा हात सवयीने माझ्याकडे आला.

“हात मागे घे,” म्हातारी म्हणाली. “थांबू दे त्याला.”

दारातून शिनानने तोंड उघडले होते, ते त्याने मिटले. सगळे गप्प बसून राहिले. एक म्हातारी, एक शिक्षिका, एक चहावाला आणि तो. कोणी माझ्यावर हसले नाही. मी माझा पुरता वेळ घेतला, मित्रांनो. मग हिरवा झालो.

ते गाणे आता संगणकात आहे. त्यात पहिली ओळ आहे, दुसरी आहे, चौथी आहे. तिसरीच्या जागी फक्त पत्र्यावरचा ताल आहे, कारण शब्द त्या भुकटीबरोबर गेले. कोणी ते गाणे उतरवून घ्यायला आले आणि विचारले, “इथे शब्द का नाहीत?” तर उत्तर गझवानने द्यायचे, असे विदादनी ठरवून दिले आहे. तो देतो. दर वेळी त्याचे कान लाल होतात.

मी माझे काम करतो. त्याला माफ केलेले नाही. मला तेवढी घाई नाही.

तुमच्याकडे एवढेच मागणे. तुमच्या घरात एखादी वस्तू थांबत असेल, अडत असेल, लाल दिवा दाखवत असेल, तर तिला चापट मारण्याआधी, तार लावण्याआधी, ती कोणासाठी थांबली आहे ते विचारा. आणि तुमच्या हातून काही जळालेच, तर जळाले म्हणून सांगा. कोरे होते, असे कधीही सांगू नका.